चाक बोलतंय का बघ

दुपारी लाइट गेली की मोबाईलवर गाणी लावून पंख्याची वाट बघत पडायचं, हा आमच्या सांगलीतला जुना उद्योग. परवा 'द बिग एक्स्प्रेस' लावला. एक्सटीसी या इंग्लिश बँडचा १९८४ सालचा अल्बम. सुरुवातीलाच गिटारी अशा खरडतात की आमची ही आतून ओरडली, "मिक्सर लावलास? लाइट आली का?"

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बँडचे भक्तसुद्धा या अल्बमला जरा बाजूलाच ठेवतात. म्हणे फार खणखणाट, थरांवर थर, त्यात ढोलकऱ्याऐवजी ठोके देणारं लिन कंपनीचं ड्रम मशीन. ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत गडी ३८व्या नंबरापर्यंत पोचला आणि थांबला. बँडचा गायक अँडी पार्ट्रिजनं १९८२ सालीच स्टेजवर जाणं सोडलेलं, त्यामुळे गावोगाव फिरून तो विकायलाही कुणी गेलं नाही.

पण ही पोरं स्विंडन या इंग्लंडातल्या रेल्वेच्या गावची. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना तिथे १८४३ पासून. ब्रुनेल या इंजिनियरचे ७ फूट अंतराचे रूळ त्याच रेल्वेचे. रेकॉर्डचं कव्हरसुद्धा चौकोनी नाही, इंजिनाच्या चाकासारखं गोल. अशा गावाबद्दल गाणाऱ्यानं बासरी वाजवावी, ही अपेक्षाच मला कळत नाही.

माझं आजोळ मिरजेचं. एकाच जंक्शनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूरला जाणारी अडीच फुटी नॅरोगेज! आषाढीला त्या चिमुकल्या गाडीला माणसं लोंबकळलेली असायची. मामा रेल्वेत. संध्याकाळी त्याच्याबरोबर फलाटावर गेलं की लांब दांड्याचा हातोडा घेतलेला एक माणूस दिसायचा. थांबलेल्या गाडीच्या कडेनं वाकून चालत तो एकेक चाक ठोकायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि पुढे सरकायचा. गर्दी, चहावाले, भोंगे, कशाकडे लक्ष नाही. मामा म्हणायचा, "चाक बोलतंय बघ लेका. टण्ण केलं तर बरं. भद्द केलं तर तडा असतोय, डबा काढायचा."

तेव्हापासून मला ठोकाठोकीचं संगीत कळतं असा माझा समज आहे. घरच्यांचा नाही.

त्या हिशेबानं हा अल्बम टण्ण वाजतो. अणुयुद्धानंतरच्या जगाचं गाणं तर जास्तच गार वाटतं. बँडमधल्याच कॉलिन मोल्डिंगचं उन्हाच्या आठवणीचं गाणं मधेच सावली धरतं. गाढवाचं गाणं भद्द आहे, ते मी अजूनही पुढे ढकलतो. आणि शेवटी कोळसा संपत आलेलं इंजिन. धापा टाकत, ब्रेक करकरवत. स्वतःची दमछाक इतकी मोठ्यानं सांगणारा गाणारा मला दुसरा माहीत नाही.

पुढचा 'स्कायलार्किंग' १९८६ चा. हिरवागार, गुळगुळीत, सगळ्यांचा लाडका. त्याच वर्षी स्विंडनच्या कारखान्याला कुलूप लागलं. योगायोगच, दुसरं काय!

मिरज-पंढरपूरही आता ब्रॉडगेज झाली. डबे प्रशस्त, पण मामा त्या गाडीत कधी बसला नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायचा, "एस्टी दारात थांबतीय की."