फ्लँजच्या नटाखाली वॉशर लागतो तो कशाला?

प्रेशर व्हेसलच्या (दाबाखालच्या टाकीच्या) फ्लँजवर, म्हणजे बोल्टने आवळायच्या जोडकड्यावर, वॉशर टाकला की नट ढिला होत नाही, हा समज बऱ्याच ठिकाणी पक्का बसलाय. वॉशरचं खरं काम वेगळं आहे: नटाला फिरायला एकसारखा, गुळगुळीत आणि कडक पृष्ठभाग देणं.

टॉर्क रेंचने लावलेल्या टॉर्कमधला (फिरवायच्या जोरातला) निम्म्याच्या आसपास भाग नटाच्या तळाशी घर्षणात जातो, 40 टक्क्यांच्या आसपास आट्यांत. स्टड (दोन्ही टोकांना नट बसणारी आट्यांची सळी) ताणायला उरतात जेमतेम 10 टक्के. म्हणजे नटाखाली रंग, गंज किंवा जुने ओरखडे असतील तर टॉर्क तोच राहतो, ताण मात्र बदलतो. 1 इंची बी7 (मिश्र पोलादाच्या) स्टडमध्ये 345 मेगापास्कल ताण हवा असेल तर सुमारे 135 किलोन्यूटन बल लागतं. नट फॅक्टर (घर्षणाचा हिशेब धरणारा आकडा) 0.16 धरला तर टॉर्क येतो सुमारे 550 न्यूटन-मीटर. प्रत्यक्षात तो फॅक्टर 0.20 निघाला, तर त्याच टॉर्कला बल 108 किलोन्यूटनवर अडकतं. गॅस्केट (दोन फ्लँजमधलं सील) कुठल्या स्टडपाशी गळणार, हे अशा फरकावर ठरतं.

म्हणून वॉशर पाणी दिलेला (तापवून, विझवून कडक केलेला), आरपार कडक असलेलाच हवा. एएसटीएम एफ436 या अमेरिकी मानकाचा, कडकपणा 38 ते 45 रॉकवेल सी. बाजारातला साधा मऊ वॉशर नटाखाली दबून बशीसारखा होतो आणि हळूहळू ताण उतरतो. हिशेब करा: पकड (दोन नटांमधल्या आवळलेल्या भागाची जाडी) 120 मिमी असेल तर वर सांगितलेला स्टड ताणून जेमतेम 0.2 मिमी लांबतो. त्यातले 0.05 मिमी वॉशरने किंवा रंगाच्या थराने खाल्ले, तर केवळ स्टडचा विचार केला तरी पाव ताण गेला. स्प्रिंग वॉशर तर इथे नकोच, या बलाखाली तो सपाट होऊन नुसतं लोखंडाचं कडं उरतं.

मापाची एक गंमत आहे. 1 इंची बोल्टच्या एफ436 वॉशरचा बाहेरचा व्यास 2 इंच असतो, नटापेक्षा मोठा. फ्लँजच्या मागची स्पॉट फेस केलेली (नटासाठी सपाट कातलेली) जागा अरुंद असेल किंवा हबचा (फ्लँजच्या मानेचा) गोलावा जवळ असेल, तर वॉशर एका कडेवर टेकतो आणि स्टडला वाक येतो. आधी ठेवून बघा. बसत नसेल तर कमी व्यासाचा, पण तेवढाच कडक वॉशर घ्या. ग्राइंडरने कड उडवू नका.

वॉशर निदान फिरवायच्या नटाखाली हवाच. जुन्या स्टडना वॉशर नव्याने जोडताना लांबी तपासा, प्रत्येक वॉशर साधारण 4 मिमी खातो आणि नटाचे आटे पूर्ण भरले पाहिजेत.

ग्रीस आट्यांना आणि नटाच्या तळाला लावा, वॉशर-फ्लँजच्या मध्ये नको. तिथे निसरडं झालं की नटाबरोबर वॉशरही फिरतो आणि फ्लँज खरवडतो. मग 30, 70, 100 टक्के टॉर्क अशा टप्प्यांत समोरासमोरचे नट आवळा, शेवटी गोलाकार फेरी. निदान चार तासांनी पुन्हा एक फेरी मारा.

सांधा उघडल्यावर वाकलेले, ओरखडलेले वॉशर परत वापरू नका. हायड्रॉलिक टेन्शनर (स्टड सरळ ओढून ताणणारं साधन) असेल तर घर्षणाचा मुद्दा बराचसा गळतो, तरी नटाला सपाट टेक मिळावा म्हणून वॉशर ठेवतातच.