आईच्या गावावरून वल्हवत

उजनी म्हणजे आम्हा सोलापूरकरांना रोजच्या पेपरातला आकडा. कधी अधिक, कधी उणे. धरण उणे कसं असतं, हे पाहुण्यांना समजावताना दमछाक होते. एकूण पाणी साधारण 117 टीएमसी, त्यातलं 64 च्या आसपास तळाचं, म्हणजे मृतसाठा. वरचं संपून तळाच्याला हात लागला की पेपरात उणे सुरू होतं. 2024 च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. त्या आकड्यावर बसून कधी फिरायला जाऊ, असं मात्र डोक्यात आलं नव्हतं.

डोक्यात आलं दादाच्या. तो पुण्यात असतो. त्यानं हवा भरायची कायाक, म्हणजे वल्ह्यांची छोटी होडी, घेतलीये, दोन मोठी माणसं आणि मध्ये एक पोरगं मावेल एवढी. पवनेच्या तलावात दोन-तीनदा जाऊन आला आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. मागे तुंग, तिकोना, डोंगरावर धुकं. झालं, माझी दोघं मागे लागली. चिऊ आठ वर्षांची, ओम पाच. "आपल्याकडं का नाही?" आपल्याकडे डोंगर नाही म्हणून. मागे डोंगराऐवजी ऊस दिसेल, पण पाणी हवं तेवढं आहे, असं म्हणून दादानंच जानेवारीतला रविवार ठरवला. गड्ड्याची जत्रा उरकली होती, थंडी होती, आणि नळाचं पाणी शनिवारीच येऊन जाणार होतं. सोलापुरात बाहेर पडायचं तर हे आधी बघावं लागतं.

जायचं मामाकडे, करमाळा तालुक्यात. मामाचं घर नव्या गावठाणात आहे, उंचावर. जुनं गाव धरणात गेलं. आई तेव्हा चौथीत होती.

पहाटे पाचला निघालो. टेंभुर्णीला हायवे सोडला आणि उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागे सापडलो. त्यांची गाणी आपल्या गाडीच्या काचा बंद असल्या तरी शब्दासकट ऐकू येतात. कंदरला केळीच्या बागा लागल्या तेव्हा उजाडलं होतं. ओम दोनदा ओकला. बाकी प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही.

काठावर पोचलो आणि पहिली अडचण कळली. पवनेला काठाला गवत असतं म्हणे. इथे वेडी बाभूळ, आणि तिचा इंच-दीड इंचाचा काटा. कायाक म्हणजे शेवटी फुगाच. दादा पंप हातात घेऊन नुसता उभा राहिला. आईनं खराट्यानं वाट झाडली, आणि मग गाडीतून चादर काढली. माझ्या लग्नात आलेली, मोराची नक्षी असलेली जाड सोलापुरी चादर. ती पाण्यापर्यंत अंथरली. त्यावर कायाक ठेवून हवा भरली आणि चादरीसकट पाण्यात ओढली. आता धुऊनही तिचा चिखल गेलेला नाही. असो, कायाक वाचली. निदान जाताना तरी.

लहान पोरांना घेऊन जाणाऱ्यांसाठी एक सांगते. मोठ्यांचं लाइफ जॅकेट आवळून पोरांना घालू नका. पोरांच्या मापाचंच घ्या, आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल असं बघा. घातल्यावर खांद्याला धरून पोराला वर उचला. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते पाण्यात निसटणार. ओमला उचललं तर नुसतं जॅकेट वर आलं, ओम खालीच. मग पट्टे पुन्हा आवळले. 2024 च्या मे महिन्यात याच पाण्यात, कुगाव आणि कळाशीच्या मध्ये, वादळात बोट उलटून सहा जण गेले. मामा सकाळपासून तेच सांगत होता. "दहाच्या आत माघारी या. वारं सुटलं की ह्ये पाणी समुद्रावानी उसळतंय." आम्ही काठ सोडायचा नाही असं ठरवलं, आणि जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं, म्हणजे दमल्यावर येताना वारा पाठीशी.

पहिली फेरी माझी, दादाची आणि मध्ये चिऊ. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं सोपं वाटतं, पण पुढच्याचं आणि मागच्याचं एका लयीत पडलं नाही तर खाडकन एकमेकांवर आपटतं. आम्ही दहा मिनिटं गोल फिरलो. पुढच्यानं लय धरायची आणि मागच्यानं दिशा बघायची, असं दादा ओरडून सांगत होता. लहानपणी सायकलवरसुद्धा तो डबलसीट बसून मागूनच शिकवायचा. मग कधीतरी जमलं आणि आवाजच थांबले. वल्ह्यावरून ओघळणारं पाणी तेवढं ऐकू यायचं. पाणी जवळून हिरवट आहे, हे लिहायला हवं. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून इथे येतं. पुणेकर दादाला मी तेव्हाच ऐकवलं.

रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, दिसले नाहीत. ते गुडघाभर पाण्यातला चिखल उपसून खातात, आणि धरण भरलेलं असलं की तसा चिखल उघडाच पडत नाही. चिऊ हिरमुसली. पण पुढच्या वळणाला पाण्यावर काळे ठिपके होते, शे-दीडशे तरी. काळेकुट्ट, बदकापेक्षा लहान, कपाळावर पांढरा टिळा. आम्ही जवळ जाताच सगळे पाण्यावरून चपचप पळत सुटले. उडायच्या आधी त्यांना धावावं लागतं. त्यांना वारकरी म्हणतात हे आईनं काठावर आल्यावर सांगितलं. हे पाणी पुढे पंढरपूरला जातं म्हणून ते वारकरी, असं चिऊनं परस्पर ठरवून टाकलं. कोणी दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या फेरीला वहिनी, नवरा आणि ओम. मी आईजवळ बसले. दादानं तिला दोनदा विचारलं होतं, चल म्हणून. ती नाही म्हणाली. शेंगापोळी मोडत ती पाण्याकडे हात करून सांगू लागली. त्या जाळ्याच्या बाटल्या तरंगताहेत ना, तिथे वेस. तिथून डावीकडे मारुती. मारुतीच्या मागे आमचं घर. दोन वर्षांपूर्वी पाणी उतरलं तेव्हा मामाबरोबर ती चालत तिथे गेली होती. भिंतींचे पाये होते, जात्याची एक तळी होती, चुलीची जागासुद्धा तिनं ओळखली. उणे साठ म्हणजे काय, हे मला पेपर वाचून कळलं नव्हतं ते तेव्हा कळलं. आकडा तेवढा खाली गेल्याशिवाय आईला माहेरच्या घरात पाऊल टाकता येत नाही.

"ओम कुठाय आत्ता?" तिनं विचारलं. डोळ्यांवर हात धरून मीच बघितलं. बाटल्यांच्या डावीकडे.

"आमच्या अंगणात," ती म्हणाली आणि पोळीचा तुकडा माझ्या हातात दिला.

साडेदहाला वारं सुटलंच. लाटा फुटेफुटेपर्यंत ते काठाला लागले. घाईत चादर राहिली बाजूला, आणि बाहेर ओढताना बाभळीनं डाव साधला. फुस्स. कायाकचे कप्पे वेगवेगळे असतात, त्यामुळे एकच बसला. बुडायची भीती नव्हती, पण दादाचं तोंड बघवत नव्हतं. मामीनं दुपारी चिलापी माशाचं कालवण आणि बाजरीची भाकरी वाढली, तेव्हा कुठे तो बोलायला लागला. पोरं जेवता जेवता झोपली.

परत यायला रात्रीचे साडेनऊ. जिन्यातच शेजारच्या काकू भेटल्या. शनिवारी पाइपलाइन फुटल्यामुळे न आलेलं पाणी आज दुपारी तासभर येऊन गेलं होतं, आणि आमच्या दाराला कुलूप. काकूंनी आमच्यासाठी दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या. एकीत पोरांचे पाय धुतले, एक सकाळसाठी झाकून ठेवली. चादर तशीच गाडीत राहिली.