खरडवहीचं कव्हर, आणि एका ख ने काढलेला घाम

तर एका साध्या वहीचं कव्हर रंगवून त्यावर नाव काढायचं काम अखेर मार्गी लागलंय. वही ए फाइव्ह साइझची, पुठ्ठा बाइंडिंग, काळं कव्हर आणि त्यावर तो चकचकीत प्लास्टिकचा थर. असल्या कव्हरवर अॅक्रिलिक डायरेक्ट लावलं की सुकल्यावर नखाने अख्खं सालपट निघतं, मागच्या वहीत हे भोगून झालंय, म्हणून यावेळी आधी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि मग जेसोचे (रंग नीट धरावा म्हणून आधी लावायचं पांढरं अस्तर) दोन हात मारले, एक उभा एक आडवा. वर ४०० नंबरचा पेपर अगदी हलक्या हाताने. कंटाळवाणं काम आहे पण अक्षरं काढायची असतील तर ते टाळू नका, खरबरीत पृष्ठभागावर बारीक ब्रश अडखळतो आणि रेघेला दाते पडतात.

दुसरा हात सुकता सुकता कव्हर होडीसारखं वर वळलं! पुठ्ठा पाणी पिऊन फुगतो, आणि वरचा थर सुकताना आकसून त्याला आपल्याकडे ओढतो. उपाय सोपा, कव्हरच्या आतल्या बाजूलाही एक हात द्यायचा म्हणजे दोन्हीकडून ताण सारखा बसतो, मग पूर्ण सुकल्यावर वर-खाली बटर पेपर घालून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवायचं. सकाळी सरळ झालं होतं. अगदी शंभर टक्के नाही, पण टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत नाही.

बॅकग्राउंड गडद हिरवा, स्वतः मिक्स केलेला. (हे लक्षात ठेवा, पुढे नडणार आहे.)

आता मुख्य भाग. शब्द ठरवला ‘खरडवही’. पहिल्यांदा आळस करून मंगल फॉन्टमध्ये प्रिंट काढून ट्रेस केलं, अक्षररचनाकार र. कृ. जोशींचा तो फॉन्ट स्क्रीनवर वाचायला छानच आहे, पण कव्हरवर ऑफिसचं परिपत्रक दिसायला लागलं. मग सरळ हाताने. ट्रेसिंग पेपरवर चार-पाच वेळा गिरवलं, आणि तेव्हा कळलं की पट्टीने मोजून सारखं अंतर ठेवलं तर र आणि ड च्या मध्ये भगदाड दिसतं. शेवटी पट्टी बाजूला ठेवली, कागद उलटा धरून बघत बसले. उलटा धरला की शब्द वाचला जात नाही, नुसत्या मोकळ्या जागा दिसतात. शिरोरेघ पेन्सिलने सगळ्यात आधी आखली, कारण अक्षरं लोंबतात तिच्यावरूनच, पण रंगवली सगळ्यात शेवटी. आणि ‘ही’ची वेलांटी शिरोरेघेच्या वर जाते हे मी साफ विसरले होते, ती थेट बॉर्डरच्या मास्किंग टेपमध्ये घुसली, मग सगळा शब्द ६ मिलिमीटर खाली घेतला.

डिझाइन उतरवायला कार्बन पेपर वापरू नका, त्याची मेणचट रेघ नंतर जात नाही आणि रंगही तिच्यावर नीट धरत नाही. ट्रेसिंगच्या मागे पांढरा खडू घासायचा आणि वरून गिरवायचं, गडद रंगावर मस्त उमटतं आणि उरलेलं ओल्या कापसाने पुसलं जातं.

अक्षरांना टायटॅनियम व्हाइटमध्ये किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा). झिंक व्हाइट घेऊ नका, पारदर्शक असतो, खालचा हिरवा डोकावत राहतो. रंग शाईइतका पातळ केला, लांब केसांचा लायनर ब्रश घेतला आणि करंगळी कव्हरवर टेकवून मनगट न वळवता अख्खा हात ओढला. दोन हातांत अक्षरं भरली. मी जाम खूश.

तेवढ्यात ताईने लांबून बघितलं आणि विचारलं, “रवरडवही म्हणजे काय गं?”

झालं. ख मधल्या र ला मी हौसेने खाली शेपटीचा गोल वळसा दिला होता, आणि तो व ला कुठे टेकतच नव्हता. छापील ख मध्ये ते खालून जोडलेलं असतं ते ह्याचसाठी, इतकी वर्षं वाचतेय आणि आज लक्षात आलं! शेपूट ओढून व ला जोडणं सोपं होतं, पण जुना वळसा झाकायला हिरवा लागणार आणि तो संपलेला. परत मिक्स केला, ओला असताना अगदी सेम वाटला, पण अॅक्रिलिक सुकल्यावर गडद होतं, त्यामुळे ख च्या खाली ठिगळ. तिथे एक पान काढलं. एकच पान कसं दिसेल म्हणून मग वेल काढावी लागली, पार वहीच्या मणक्यापर्यंत. आता सगळे वेलीचंच कौतुक करतायत. 🙄 यापुढे बॅकग्राउंडचा रंग थोडा तरी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवणार.

वर मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात. आधी पानांच्या शिरा पांढऱ्या जेल पेनने काढणार होते, सुदैवाने मागच्या कव्हरच्या कोपऱ्यात ट्रायल घेतली आणि वॉर्निशचा ब्रश फिरताच शाई फराटली, म्हणून शिराही ब्रशनेच. अजून हात लावला की किंचित चिकट लागतंय, त्यामुळे वही सध्या इतर वह्यांपासून लांब, अर्धी उघडून उभी ठेवलीये.

पुढची वही हिशेबाची, शब्द ‘लेखाजोखा’. त्यात दोन ख आहेत.