जवळची खूण

मिक्सरचं भांडं मागवायचं होतं, एवढंच. दुपारची वेळ, घरात कोणी नाही. फोनवर नाव-पत्ता टाकत गेले आणि ‘लँडमार्क’च्या चौकटीपाशी अडले. लाल चांदणी होती, म्हणजे सुटका नाही. बोटं आपसूक चालली आणि लिहून बसले, ‘गणपती मंदिराजवळ’. गोरेगावात! आमच्या घरून स्टेशनला जाईपर्यंतच तीन गणपती लागतात. पण बोटांना काय त्याचं, ती आजोळची, वाईची.

वाईला गणपती म्हटलं की पुढे विचारायचं काही राहत नाही. ढोल्या गणपती. गणपतराव रास्त्यांनी 1762 साली बांधलेलं देऊळ, आत एकाच दगडातली ती ऐसपैस मूर्ती, आणि मागची भिंत माशासारखी निमुळती, कृष्णेचा पूर फाकून दोन्ही अंगांनी निघून जावा म्हणून. मला देवापेक्षा ती भिंतच जास्त आवडायची. मामी घाटावर धुणं आपटत असायची तेव्हा मी भिंतीला तळहात घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. वरचा दगड उन्हाने चटका बसेल असा तापलेला, खाली मात्र बुळबुळीत, गार. दोन दगडांच्या सांध्यात नख घालून शेवाळ काढायचं आणि फ्रॉकला पुसायचं. मग मामी साबणाच्या हाताने एक धपाटा घालायची.

डावं-उजवं असं आमच्या घरात कोणी बोलायचंच नाही. खाली म्हणजे नदीकडे, वर म्हणजे स्टँडकडे, आणि मधे आळ्या. मामी दळण घेऊन पाठवायची तेव्हा सांगायची, “विश्वकोशाच्या अलीकडे गिरणी आहे बघ. डबा ठेव आणि बारीक दळ म्हणावं.” विश्वकोश हे कुणाचं तरी आडनाव असावं अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. देशमुखांचा वाडा तसा विश्वकोशांचा. गंगापुरीतल्या त्या कार्यालयात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली जगातलं सगळं ज्ञान अकारविल्हे लावायचं काम चाललं होतं, पहिला खंड 1976 साली बाहेर पडला, वगैरे पुढे शाळेत कळलं. आमच्या लेखी ते गिरणीच्या पुढचं घर.

तेव्हापासूनचं माझं खूळ असं की मी कोणाला लोकेशन पाठवत नाही. तोंडी सांगते. फोनमधली ती बाई “दोनशे मीटरनंतर उजवीकडे वळा” म्हणते तेव्हा मला तिचा रागच येतो. दोनशे मीटर चालताना काय काय दिसेल ते सांग की बाई! वाटेत चहाची टपरी आहे, एक कुत्रं आहे, ते काही करत नाही. भाची वैतागते. “मावशी, तुझ्या खुणा तुझ्याजवळ ठेव, नुसतं लोकेशन टाक.” तिचंही बरोबर आहे म्हणा. मी अजून लोकांना एल्फिन्स्टनला उतरवते, स्टेशनचं प्रभादेवी झालं 2018 मध्येच. पण मुंबईला याची लाज कधी वाटली? चर्चगेटचं गेट किल्ल्याच्या तटाबरोबर 1860 च्या दशकात गेलं. धोबीतलावात बुडायला तलाव नाही. तरी सगळे बिनचूक पोचतात.

हिंदमाता घ्या. ते मुळात सिनेमा थिएटर. पण तिथे कुठला सिनेमा पाहिला हे विचारलं तर आठवावं लागेल, आणि जुलैत किती पाणी होतं ते लगेच सांगता येईल. मामाला हिंदमाता एवढ्याचसाठी ठाऊक होतं. पावसाने जोर धरला की त्याचा फोन यायचाच.

“काय गं, हिंदमाताला भरलं का?”

“गुडघाभर. गणपतीला लागलं का?”

“पायऱ्या गेल्या. धोमचं पाणी सोडलंय, रात्रीपर्यंत आत शिरतंय बघ.”

आवाजात काळजी असायची, नाही असं नाही, पण त्याहून जास्त ऐट. पुराच्या बाबतीत आपलं गाव कमी पडलेलं दोघांनाही चालायचं नाही. मी गुडघाभरचं मांडीभर करायचे. तोही सांगताना दोन-चार पायऱ्या वाढवत असणार. फरक इतकाच की वाईचा पूर बघायला लोक छत्र्या घेऊन सहकुटुंब जातात, पुलाजवळ कणसंबिणसं खातात. हिंदमाताचं पाणी बघायला कोणी जात नाही, ज्याच्या नशिबी येतं तो चपला हातात घेऊन निमूट पार करतो. आणि तिथे पाणी फाकवायला कोणी माशाच्या आकाराची भिंतही बांधलेली नाही. रास्ते इकडे आलेच नाहीत.

यंदा मामा नाही. मामी पुण्याला मुलाकडे असते, तिला विचारलं तर म्हणते, “मला काय ठाऊक, मी तिसऱ्या मजल्यावर.” गणपतीला पाणी लागलं की नाही हे आता मी बातम्यांत बघते. त्यात बऱ्याचदा फोटो मागच्या वर्षीचा असतो, आणि पायऱ्या किती गेल्या ते कोणीच लिहीत नाही.