लर्निंगचा पेपर, चाळिशीनंतर

लर्निंग लायसन्सची परीक्षा काय, डोळे झाकून पास होशील, असं मला सगळ्यांनीच सांगितलं. सांगणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी ती कधी दिलेलीच नव्हती. त्यांच्या काळात कागद एजंटकडे जायचे आणि लायसन्स घरी यायचं. पेपर अवघड नाही, हे मात्र खरं. १५ प्रश्न, उत्तरांचे पर्याय समोर, ९ बरोबर आले की पास. पण आयुष्यभर नाशिकच्या रिक्षांत, सिटी बसमध्ये आणि नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून फिरलेल्या बाईला रस्त्याचे नियम ठाऊक असतात, अशी तुमची समजूत असेल तर ती सोडा.

लायसन्सचे अर्ज जिथे भरतात त्या सरकारी सारथी पोर्टलवर सराव परीक्षा आहे. ती रोज जेवणं आटोपली की लेक घ्यायची. ‘गोल चौकात आधी कोणी जायचं?’ मी म्हटलं, ज्याची गाडी मोठी तो. मुंबई नाक्यावर इतकी वर्षं तेच तर बघत आले. ती वैतागली. ‘आई, लोक काय करतात ते नको सांगूस, नियम सांग.’ नियम असा, की उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मग ‘लोकांचं नको, नियम सांग’ हेच आमच्या अभ्यासाचं सूत्र झालं. डावीकडून ओव्हरटेक? समोरच्याने उजवीकडे वळायचा इशारा दिला असेल तरच. झेब्रा क्रॉसिंगवर माणूस उभा आहे आणि सिग्नल नाही? थांबायचं, तो पलीकडे गेला की निघायचं. हॉर्न वाजवून त्याला पळवायचं, हा पर्याय यादीत असतो आणि खरं सांगते, हात तिकडेच जातो. पांढरी काठी घेतलेली अंध व्यक्ती रस्ता ओलांडत असेल, तर ती काठीच थांबण्याची खूण समजायची, हे मला आवडलं.

ज्या नियमाचं कारण कळलं तो पाठ करावाच लागला नाही. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. का, हे नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना भरलेल्या जीपमध्ये बसलेल्या कोणालाही कळेल. चढावर एकदा थांबलेली गाडी पुन्हा उचलताना मागे घसरते, उतरणाऱ्याला तेवढा त्रास नसतो. सिग्नल लाल लुकलुकत असेल तर पूर्ण थांबून, बघून निघायचं. पिवळा लुकलुकत असेल तर वेग कमी करून जपून जायचं. रात्री उशिरा आपल्याकडे दोन्हींचा अर्थ ‘सुटा’ एवढाच घेतात.

चिन्हांनी मात्र घाम काढला. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावधगिरी, चौकोन म्हणजे माहिती, हे पहिल्याच दिवशी समजतं. पण ‘वाट द्या’चा उलटा त्रिकोण आणि ‘थांबा’चा अष्टकोन हे आकार वेगळे असूनही हुकूमच. लाल कडेचं निळं वर्तुळ, त्यात एक तिरकी रेघ असेल तर नो पार्किंग, फुली असेल तर गाडी थांबवायचीही नाही. कॉलेज रोडवर असे बोर्ड दिसले की मी लेकीला विचारायचे आणि ती बोर्डाखाली उभ्या केलेल्या गाड्यांकडे बोट दाखवायची. अरुंद पूल आणि पुढे अरुंद रस्ता, ही चित्रं तर मला शेवटपर्यंत सख्खी भावंडंच वाटली.

कागदपत्रांत एकच गोष्ट ध्यानात ठेवा. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, त्याचा नमुना १-अ. फी प्रत्येक वाहनप्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५०. आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला असेल तर परीक्षा घरूनही देता येते. माझा जोडलेला नव्हता, म्हणून पेठ रोडवरच्या आरटीओची वेळ घेतली.

तिथे माझ्या आजूबाजूला सगळी कॉलेजची पोरं. एकाने विचारलं, ‘काकू, मुलाला घेऊन आलात का?’ म्हटलं, नाही रे, मीच बसणार आहे. संगणकावर मराठी निवडलं. प्रत्येक प्रश्नापुढे वेळ उलटा पळत असतो, तिकडे बघायचं नाही, एवढंच मनाशी ठरवलं होतं. घाटाचा प्रश्न आला तेव्हा हसूच आलं. निकाल तिथेच पडद्यावर दिसतो.

आता लर्निंग ६ महिने चालेल आणि पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतर देता येईल. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ आणि शेजारी लायसन्सवालं माणूस हवं. नवऱ्याकडे लायसन्स आहे, त्याची तयारीही आहे. पण गोल चौकात आधी कोणी जायचं, हे त्याला विचारून बघितलं आणि मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं.