तेलाची टाकी भरलेली होती

गणेश चवथीला आठ दिवस राहिले होते, म्हणजे गॅरेजवाल्याला जेवायलाही फुरसत नसते असे दिवस, सगळ्यांना गाडी चवथीच्या आधीच पाहिजे. गोव्यात आमच्या डिचोलीत त्या दिवशी पाऊस तर असा की पत्र्याखाली इंजिनचा आवाज ऐकायचा म्हणजे कान टाकीला लावावा लागत होता. तेवढ्यात एक पोरगा भिजत भिजत आरएक्स 100 ढकलत आला. पोरगा ओळखीचा नव्हता, गाडी होती. पुढच्या मडगार्डला काळा रंग मारलेला पण खरवडलेल्या जागी आतला पिवळा दिसत होता. पायलटची, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीची गाडी. आमच्या स्टँडवर वर्षानुवर्षं पायलट मारणारे एक भाऊ होते त्यांची.

"बाबा आषाढात गेले, काका," पोरगा म्हणाला. मला माहीत होतं, मातीला गेलो होतो मी. हा वेर्ण्याला कंपनीत, तिकडेच खोली घेऊन राहणारा, म्हणून चेहरा लक्षात नव्हता. मयेच्या चढावर गाडी एकदम चिकटली, म्हणजे पिस्टन जागीच अडकला, थंड झाल्यावर परत चालू केली तर आतून खडखड खडखड, म्हणून बंद करून ढकलत आणली. मी विचारलं तेल बघितलंस का? तर म्हणे काका, तेलाची टाकी भरलेली आहे, रोज सकाळी बघूनच निघतो. साइड कव्हर काढून बघितलं, खरंच काठोकाठ भरलेली.

आरएक्सचं इंजिन टू स्ट्रोक, त्यात फोर स्ट्रोकसारखं खाली चेंबरमध्ये तेल साठवून ते क्रँकला (पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा) मिळत नाही. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँक फिरते त्या पेटीतून, म्हणजे क्रँककेसमधून जातं, त्याच्यासोबत जेवढं टू-टी (टू स्ट्रोकचं) तेल येईल तेवढ्यावर कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, वरचं बेअरिंग, पिस्टन सगळं जगतं. आरएक्सला त्यासाठी ऑटोल्युब पंप असतो, एक्सिलरेटर पिळला की त्याची केबलपण ओढली जाते आणि तेल वाढतं. टाकी भरलेली आणि इंजिन चिकटलं म्हणजे पंपात गडबड, नाहीतर तेल भेसळीचं. मी मनात भेसळीवर शिक्का मारून मोकळा झालो होतो, हल्ली डबा कुठला आणि आत काय काही सांगता येत नाही.

हेड उतरवलं, ब्लॉक वर खेचला. पिस्टनच्या बाजूवर उभे ओरखडे, बोअरमध्येही तेच. रॉड हातात धरून सरळ वर-खाली केला तर टक टक, हाताला कळेल एवढा प्ले. बाजूला थोडा हलतो तो चालतो, वर-खाली अजिबात चालत नाही, हे माझ्याकडे नवीन आलेल्या पोरांना मी पहिल्या दिवशी शिकवतो. पण खटकलं ते वेगळंच. क्रँककेसमध्ये बोट फिरवलं आणि बोट कोरडं. टू स्ट्रोकचं इंजिन उघडलं की आत काळपट चिकट तेल असतंच असतं, हात धुवायला रिनची वडी लागते, आणि इथे भाताचं रिकामं भांडं असावं तसं कोरडं.

मग क्रँक काढायची म्हणून उजवीकडचं कव्हर खोललं. पंपाच्या जागी पत्र्याची पट्टी कापून, खाली गास्केट घालून बसवलेली. पंपच नाही! मी पोराला म्हटलं, "बघ, कोणा गाढवाने पंप काढून टाकलाय, आणि तुझ्या बाबांना सांगितलंपण नसेल." चांगला आवाज चढवून म्हटलं, शेजारचा पंक्चरवालापण बघायला आला. आणि मग टाकीतून येणारी तेलाची नळी हातात आली. तिच्या तोंडात स्क्रू घालून बंद केलेली, वरून तांब्याच्या तारेचे तीन वेढे, आणि तारेचं टोक बोटाला लागू नये म्हणून आत दुमडलेलं.

असं टोक दुमडायची सवय आख्ख्या तालुक्यात एकाच माणसाला आहे. मलाच.

हळूहळू सगळं आठवायला लागलं. 2012, खाणी बंद झाल्या ते वर्ष. डिचोलीत टिपर रस्त्याकडेला उभे राहून गंजायला लागले, खाणीवर जाणारी माणसं नाहीत म्हणजे पायलटला गिऱ्हाईक नाही. भाऊंच्या पंपाचा प्लास्टिकचा गिअर झिजला होता आणि नवा पंप घ्यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. "मेस्ता, दुडू मागीर दितां," पैसे नंतर देतो म्हणाले, पण मीच म्हटलं खर्च कशाला, पंप काढून टाकतो, तुम्ही पेट्रोलातच लिटरला 30 मिली तेल घाला, जुन्या गाड्या अशाच चालायच्या. टाकीतलं तेल मात्र काढलं नाही, उद्या सेकंडहँड पंप मिळाला तर बसवू म्हणून. तो पंप कधी मिळाला नाही, मी शोधलापण नाही खरं तर. भाऊंनी तेवढी वर्षं न चुकता माप घालून गाडी चालवली आणि तेलाची टाकी तशीच भरलेली राहिली, दिसायला एकदम बरोबर.

पोराने पहिल्यांदा तीनशेचं पेट्रोल घातलं तेव्हा आत बाबांचं मिश्रण शिल्लक होतं म्हणून निभावलं. दुसऱ्या वेळी घातलं ते निव्वळ पेट्रोल. त्याच्यावर तो मयेचा चढ चढला.

मी त्याला लगेच सांगितलं नाही. दहा मिनिटं उगाच स्पॅनर पुसत बसलो. मग सांगितलं, पट्टी माझी, तारपण माझी. तो काही बोललाच नाही, नुसतं नळीकडे बघत राहिला, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

क्रँक घेऊन अस्नोड्यावरून म्हापशाला गेलो, तिथे एक म्हातारे प्रेसवाले आहेत. ही क्रँक अखंड नसते, दोन चकत्या, मध्ये दाबून बसवलेली पिन आणि पिनवर रॉड. हायड्रॉलिक प्रेसवर पिन सुटताना बंदुकीसारखा आवाज होतो, कितीही वेळा ऐकला तरी दचकायला होतं. पिन निळी पडलेली, बेअरिंगचा पिंजरा तुटून तुकडे झालेले. नवीन रॉड कीट बसवणं त्यामानाने सोपं, खरं काम पुढे. दोन्ही चकत्या एका रेषेत आणायच्या. क्रँक सेंटरवर धरून डायल गेज लावायचा, फिरवायची, काटा जिथे वर जातो तिथे तांब्याच्या हातोडीने एक ठोका, परत गेज, परत ठोका. म्हाताऱ्यांना डोळ्याला धड दिसत नाही, काटा त्यांचा नातू वाचतो आणि ते ठोका मारतात. 0.03 मिमीवर आली तेव्हा नातू म्हणाला आजोबा पुरे, तर म्हणे अजून एक, आणि तो एक मारल्यावर काटा जवळजवळ हललाच नाही. केस यापेक्षा जाड असतो. ब्लॉक तिथेच पुढच्या साइजला बोअर करून घेतला.

घरी येऊन मेन बेअरिंग फ्रीजरमध्ये टाकले, नेवऱ्यांसाठी किसून ठेवलेल्या खोबऱ्याच्या शेजारी, त्यावरून जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. थंड बेअरिंग आणि गरम केलेला क्रँककेस, न ठोकता आपसूक बसतात. क्रँककेस तीनदा रॉकेलने धुतला, जुन्या पिंजऱ्याचा एक कण राहिला तरी नवं बेअरिंग गेलं समजा. सीलपण दोन्ही बाजूचे नवे घातले. आणि तेलाची टाकी उपसून रिकामी केली, जे काम मी त्याच वर्षी करायला पाहिजे होतं.

चवथीच्या आदल्या दिवशी पोरगा आला, हातात पिशवी. पिशवीत खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली, तळाला थोडं निळं तेल. बाटलीवर ब्लेडने ओढलेल्या पाच रेघा. "बाबांच्या खणात होती," म्हणाला, "मला वाटलं चेनला घालायचं तेल. ह्या रेघा कसल्या काका?" मी माझं माप काढून पाणी ओतून बघितलं. दर रेघ 30 मिली.

पेट्रोल त्याच्याकडूनच मापून घेतलं, तेलपण त्यालाच रेघ बघून घालायला लावलं, टाकी हलव म्हटलं. तिसऱ्या किकला चालू झाली. सुरुवातीला धूर खूप आला, बेअरिंग बसवताना चोळलेलं तेल जळत होतं, समोरची म्हातारी खिडकी लावून घेत ओरडली की माटोळीला (गणपतीवर टांगतात ती फळापानांची सजावट) धूर देताय काय रे. पैसे मी कीटचे आणि पिस्टनचे तेवढे घेतले. तो बाकीचे द्यायला लागला तर म्हटलं, तुझ्या बाबांचं वाक्य आठवतं का, मागीर दी.

पाचशे किलोमीटर हळू चालव म्हणून सांगितलंय. परवा स्टँडजवळून गेला तेव्हा हळूच चालला होता, डिकीत बाटली खुळखुळत होती.