मॅकग्रेगर: बंदी घातलेलं आडनाव

आजचा दिवस स्कॉटलंडच्या जुन्या नोंदींत गेला. गेलिक भाषेत ‘मॅक’ म्हणजे मुलगा, म्हणून मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचा मुलगा. (मुलीला ‘निक’ लागतं, आणि ते इंग्रजी कागदांत हरवतं.)

इथवर सोपं. पण ग्लेन फ्रूनच्या लढाईनंतर (मॅकग्रेगर आणि कोल्हून या दोन कुळांतली लढाई), एप्रिल १६०३ मध्ये, या आडनावावरच बंदी आली. लावलं तर थेट मृत्युदंड! १६६१ मध्ये ती उठली, १६९३ मध्ये पुन्हा आली, १७७४ मध्ये कायमची गेली. मधल्या काळात माणसं कॅम्पबेल, ड्रमंड, ग्रॅहम, मरे झाली. या कुळातला सर्वांत प्रसिद्ध माणूस, रॉब रॉय, त्यानेही आईकडचं कॅम्पबेल लावलं. बंदी उठल्यावरही सगळे मूळ नावाकडे परतले नाहीत.

म्हणून पूर्वज शोधताना नुसतं ‘मॅकग्रेगर’ शोधलं की धागा तुटतो. जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी १८५५ पासूनची. तिथून मागे सरकत जावं. मृत्युनोंदीत आईचं माहेरचं आडनावही सापडतं, ते आधी टिपून घ्यायचं. मग त्याआधीच्या काळासाठी चर्चच्या वह्या. तिथे ‘मॅक’ कधी पूर्ण, कधी ‘एमसी’, कधी नुसतं ‘एम’ आणि वर स्वल्पविराम. तिन्ही तपासायचे. एकच आडनाव म्हणजे एकच रक्त, हे गृहीतक मात्र इथे अजिबात चालत नाही.